की आहे, पण व्हॅल्यू नल

आजचा दिवस पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत गेला. अ‍ॅरेत (की म्हणजे नाव आणि व्हॅल्यू म्हणजे त्या नावाखालची माहिती, अशा जोड्यांची यादी) अ‍ॅरे, त्याच्या आत अजून एक. ऑर्डरमध्ये ग्राहक, ग्राहकात पत्ता, पत्त्यात पिनकोड. काही ऑर्डरींवर 'पिनकोडची की नाही' असा शेरा येत होता. व्हार_डंप करून (आतलं सगळं छापून) बघितलं तर की जागेवर! फक्त व्हॅल्यू नल, म्हणजे काहीच नाही.

तपासणी इसेटने होत होती, आणि ते फंक्शन नल दिसल्यावरही फॉल्स, म्हणजे 'नाही', देतं. अ‍ॅरे_की_एक्झिस्ट्स हे दुसरं फंक्शन की आहे का तेवढंच बघतं, पण एकाच पातळीवर. म्हणून आधी इसेटने पत्त्यापर्यंत पोचायचं (मधली एखादी की गायब असली तरी ते वॉर्निंग देत नाही, मोठाच गुण आहे हा), पत्ता खरंच अ‍ॅरे आहे ना ते बघायचं आणि मग त्यावर अ‍ॅरे_की_एक्झिस्ट्स. ग्राहकाने पिनकोड रिकामा सोडणं वेगळं आणि फॉर्मने तो विचारलाच नसणं वेगळं. कोडने हा फरक जपलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

व्हॅल्यू शोधायची तर त्यासाठीचं इन_अ‍ॅरे फंक्शनसुद्धा आतल्या अ‍ॅरेंत उतरत नाही, तिथे रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावत आत उतरणारं) फंक्शन आपणच लिहायचं. आणि इन_अ‍ॅरेला तिसरा पॅरामीटर ट्रू द्याच, म्हणजे ते व्हॅल्यूचा प्रकारही (आकडा की मजकूर) जुळवून बघतं. पीएचपी 8 च्या आधी त्याशिवाय शून्य आणि 'पुणे' त्याला सारखेच वाटायचे!