एकटाच कुठे निघालास?

मुंबई विमानतळाच्या सुरक्षेचा विषय निघाला की बोलणं जरीमरीच्या भिंतीवर येतं. झोपड्या भिंतीला खेटून आहेत, कुणी उडी मारून आत शिरलं तर काय, वगैरे. मी सहारला रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, नोकरी केली, निवृत्त झालो तेव्हा शिफ्ट सुपरवायझर होतो. मला जास्त घोर लागतो तो गळ्यात रीतसर पास घालून गेटमधून आत येणाऱ्या आपल्याच माणसाचा.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलला १० ऑगस्ट २०१८ रोजी जे झालं, ते मी अजून विसरलेलो नाही. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सी-टॅक विमानतळावरच्या एका ग्राउंड स्टाफने क्यू४०० जातीचं, शहात्तर आसनांचं रिकामं विमान उडवून नेलं. वैमानिक नव्हता तो. सामान चढवणं-उतरवणं, विमानं टो करणं, म्हणजे ट्रॅक्टरने ओढून हलवणं, हे त्याचं काम. उभं विमान त्याने आधी ट्रॅक्टरने वळवून घेतलं, मग स्वतः कॉकपिटमध्ये बसला. पोर्टलंडहून दोन एफ-१५ लढाऊ विमानं मागे धावली. सुमारे सव्वा तासाने विमान केट्रॉन नावाच्या छोट्या बेटावर कोसळलं. त्याच्याशिवाय कुणाचा जीव गेला नाही. एफबीआयच्या तपासात दहशतवादाचा धागा सापडला नाही, शेवटी विमान त्याने जाणूनबुजून खाली आणलं असावं असा निष्कर्ष निघाला.

तेवढा सगळा वेळ हवाई वाहतूक नियंत्रण कक्षातला कंट्रोलर त्याच्याशी शांतपणे बोलत होता, उतरायला जागा सुचवत होता. आणि हा सांगत होता की माझ्यावर माया करणारी पुष्कळ माणसं आहेत, त्यांना वाईट वाटेल, त्यांची माफी मागतो. कमी पगाराचाही विषय त्याने काढला. ते संभाषण ऐकलं आणि मला आमच्या शिफ्टमधली पोरं एकेक करून आठवायला लागली.

कुलूप कुठे कमी पडलं, असं लोक विचारतात. प्रवासी विमानाला मोटारीसारखी किल्ली नसते. कॉकपिटचं भक्कम दार असतं ते उडत्या विमानात प्रवाशांपासून बचावासाठी. आपली व्यवस्थाही अपहरणांच्या अनुभवातून उभी राहिली आहे. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं आणि २००० पासून आपले विमानतळ एकेक करून सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे गेले. हे चांगलंच झालं. गेटवर अंगझडती होते, पासवरची अक्षरं बघतात, कुणाला कुठवर जायची मुभा आहे ते त्यावरून कळतं. पास मिळण्याआधी पोलीस पडताळणी होते. माझ्या वेळी हवालदार मरोळच्या आमच्या चाळीत येऊन शेजाऱ्यांना विचारून गेला होता. पण या पडताळणीत बघतात ते मागचं: गुन्हा आहे का, पत्ता खरा आहे का. सिअ‍ॅटलचा तो माणूस तिथे तीनेक वर्षं नोकरीला होता, सगळ्या तपासण्यांतून पार पडलेला. त्या संध्याकाळी त्याच्या मनात काय चाललंय, हे कुठल्या पासवर उमटणार?

विमान टो करताना एक माणूस ट्रॅक्टरवर असतो, दुसरा कॉकपिटमध्ये ब्रेकवर. पुशबॅकला, म्हणजे विमान मागे ढकलताना, वैमानिकाशी बोलणारा हेडसेटवाला असतो, पंख कुठे आपटू नयेत म्हणून त्यांच्या टोकाशी चालणारे विंगवॉकर असतात. रॅम्पवरचं महत्त्वाचं काम एकट्याचं नसतंच. म्हणून पार्क केलेल्या विमानापाशी कुणी एकटा ट्रॅक्टर घेऊन निघाला, तर जो कोणी बघेल त्याने हटकलं पाहिजे, मग तो सफाईवाला का असेना. "एकटाच कुठे निघालास? जोडीदार कुठाय?" हा प्रश्न सीआयएसएफचा जवान विचारू शकत नाही, कारण कुठल्या कामाला किती माणसं लागतात हे रॅम्पवरच्या आपल्यालाच ठाऊक असतं.

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचं आहे ते. आमच्याकडे एक ट्रॅक्टर ड्रायव्हर होता, चहाला सगळ्यांच्या पुढे असायचा. एका पावसाळ्यात तो चहाला यायचाच बंद झाला. मी त्याला बाजूला घेतलं. आधी काही बोलेना. मग म्हणाला, "साहेब, झोप लागत नाही, डोक्यात भलतंसलतं येतं." आणि लगेच हात जोडून, "रजिस्टरमध्ये लिहू नका, पास जाईल." पास गेला की नोकरी गेली, हे कॉन्ट्रॅक्टवरच्या प्रत्येक पोराला पक्कं ठाऊक असतं. मी त्याला ट्रॅक्टरवरून काढून थोडे दिवस खाली बॅगांवर लावलं, जिथे चार माणसं सतत बरोबर असतात. पुढे त्याने डॉक्टरकडे जायला सुरुवात केली. पण हे सगळं चोरून करावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

जुलै २०२४ मध्ये कलिन्याला विमानतळावरच्या हमालीच्या भरतीला उसळलेली गर्दी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. दोन हजारांवर जागा आणि त्यासाठी रांगेत कितीतरी पटीने जास्त पोरं, काही झाडांवर चढलेली. बाहेर एवढी रांग उभी असताना आतला कुठला माणूस तोंड उघडून सांगेल की मला बरं वाटत नाही?

रॅम्पवरच्या माणसांचा श्वास दारूसाठी तपासतात. ते हवंच. पण "आज मला ट्रॅक्टर नको" असं एखादा स्वतःहून म्हणाला, तर त्याची त्या दिवसाची हजेरी लागली पाहिजे, दुसरं काम मिळालं पाहिजे, आणि डॉक्टरने नको म्हटल्याशिवाय पासला कुणी हात लावता कामा नये. कॉन्ट्रॅक्टच्या कराराच्या कागदातच हे लिहून घ्यायला हवं. सुपरवायझरच्या भलेपणावर सोडलं तर माझ्यासारखा एखादा करेल, पुढच्या शिफ्टचा करणार नाही. आणि नव्या पोरांच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगा की विमानाजवळ एकटा दिसला तर सुपरवायझरलासुद्धा अडवायचं, त्याबद्दल कुणी ओरडणार नाही.