घरच्या दुरुस्तीची पेटी : चवथीपूर्वीची नोंद

मागील नोंदीत मी मोटरसायकलच्या दुरुस्तीसाठी १०८ नगांचा हत्यारांचा तयार संच घेण्याचा विचार बोलून दाखवला होता. तो विचार आता सोडला आहे. आमच्या वाड्यावर एक वयस्क मोटरसायकल पायलट, म्हणजे गोव्यात दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारे, राहतात. पिवळ्या मडगार्डची आपली गाडी ते अनेक वर्षे स्वतःच उघडतात आणि स्वतःच जोडतात. त्यांना संचाचे चित्र दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘पयलीं बोल्ट पळय, मागीर पानो घे.’’ (आधी बोल्ट बघ, मग पाना घे.)

त्यानुसार एका रविवारी वही घेऊन मी माझ्या दीडशे सीसीच्या गाडीसमोर बसलो आणि ऑइल बदलणे, चेन ताणणे, प्लग पाहणे, ब्रेक व क्लचची निगा राखणे या कामांत ज्या नट-बोल्टांना हात लागतो, त्या सर्वांची मापे लिहून काढली. ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटर, मागच्या चाकाचा १९ चा नट, ५ व ६ च्या एलन की (षट्कोनी खाचेत बसणाऱ्या चाव्या) आणि १६ चा स्पार्क प्लगचा पाना, एवढ्यात यादी संपली. संचातील बहुतेक नग पेटीत नुसते गंजत पडले असते.

या मापांचे एका बाजूला फिक्स (उघडे तोंड) व दुसऱ्या बाजूला रिंग असलेले पाने मी म्हापशाच्या बाजारातून सुटे घेतले आणि त्याच मापांच्या गोट्या (सॉकेट) व त्या फिरवायला एक रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने पकडणारी मूठ, घेतले. गोट्या निवडताना बारा कोनांच्या टाळून सहा कोनांच्या घेतल्या. बारा कोनांची गोटी अरुंद जागेत लवकर बसते हे खरे. परंतु तिचा जोर नटाच्या कोपऱ्यांजवळ पडतो, तर सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजूंना धरते, आणि खाऱ्या वाऱ्यात चार महिने पाऊस खाल्लेल्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असल्याने आपल्याकडे हा फरक केवळ पुस्तकी राहत नाही.

सर्वांत महाग धडा मात्र सर्वांत स्वस्त हत्याराने शिकवला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाला चार मिलिमीटरचे दोन फुलीचे स्क्रू असतात. त्यांतील दुसरा स्क्रू घरातल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने फिरवताना टोक वर सरकले, पुन्हा सरकले, आणि तिसऱ्या वेळी फुलीच्या जागी चकचकीत वाटोळा खड्डा उरला. जपानी घडणीच्या गाड्यांवरील फुली फिलिप्ससारखी दिसत असली तरी बहुधा जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाची असते आणि पुष्कळदा तिच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा एक ठिपका असतो. माझ्या स्क्रूवर तो होता. मी तो धूळ समजलो होतो. व्हॉल्व घासण्याची खरखरीत पेस्ट जेआयएस टोकाला लावली, वरून हातोडीचा हलका ठोका दिला आणि पूर्ण भार देऊन फिरवले, तेव्हा तो स्क्रू सुटला. जेआयएसचे २ व ३ क्रमांकाचे स्क्रूड्रायव्हर आता पेटीत सर्वांत वर असतात.

टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळू देणाऱ्या पान्याबद्दल, अनेकांनी विचारले होते. माझ्या मते नवशिक्याला तो अनुभवी माणसापेक्षा अधिक लागतो, कारण इंजिनचे कव्हर ॲल्युमिनियमचे असते आणि सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर (पिळाचा जोर मोजण्याचे एकक) पुरत असताना नवखा हात सहज त्याच्या दुप्पट जोर लावतो. आटे गेले की लेथवाल्याकडे जावे लागते. मी ५ ते २५ न्यूटन-मीटरचा लहान रेंच घेतला. मागच्या चाकाच्या नटासाठी मोठा लागेल, तो पुढच्या पगाराला. रेंचने नट सैल करायचा नाही आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवायची, हे दोन नियम मी पेटीच्या झाकणावर लिहिले आहेत.

पत्र्याची पेटी जमिनीवर ठेवल्यास मृगापासून चवथीपर्यंत पाने तांबूस होतात. म्हणून ती फळीवर ठेवतो आणि प्रत्येक पाना ऑइलच्या फडक्याने पुसूनच आत जातो.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, त्यामुळे उघडून अर्धी उरलेली बाटली न वापरता डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणली. काल झाकण पुन्हा उघडले. जुन्यांच्या जागी बसवलेले नवे दोन्ही स्क्रू पहिल्याच वळशाला सुटले. जुने ऑइल मात्र चहासारखे तपकिरी झाले होते.