तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजांच्या गराड्यात राहायचं कसं?

"माटुंग्यात राहता, तेही रुईया कॉलेजच्या मागे? मग झोप कशी लागते तुम्हाला?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, बँकेच्या रांगेत, कुठेही गाठतो. अलीकडे त्याला एक धाकटा भाऊ आलाय. जुन्या इमारती पडून नवे टॉवर उभे राहिल्यापासून ठाण्या-मुलुंडकडची ओळखीची मंडळी इथे घर बघायला येतात आणि हळूच विचारतात, "कॉलेजची पोरं त्रास देतात का हो?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

झोप छान लागते. लेक्चरं संपली, क्लासेस सुटले, की ही सगळी गर्दी लोकल पकडून घरी जाते. रात्री दहानंतर आमच्या गल्लीत रिक्षाही नसते, कारण मुंबई शहरात, म्हणजे उपनगरं सोडून, रिक्षाच नाही. उरतात ती वॉचमनची खुर्ची, दोन-तीन कुत्री आणि एखाद्या खिडकीतला परीक्षेच्या दिवसांतला दिवा. त्रास असतो तो दिवसा, आणि तो तुम्हाला वाटतो त्या प्रकारचा नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी इथे इतकी कॉलेजं का, हे सांगायला हवं, कारण बाहेरच्याला ते नकाशावरही चटकन कळत नाही. १८९६च्या प्लेगनंतर दाटीवाटीचं शहर मोकळं करायला १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दादर-माटुंगा-वडाळा भागाची पद्धतशीर आखणी केली. रुंद रस्ते, पदपथांवर झाडं, फाइव्ह गार्डन्ससारख्या बागा आणि संस्था उभ्या राहू शकतील असे मोठे भूखंड. व्हीजेटीआय ही इंजिनिअरिंगची संस्था १८८७ची, पण ती इथे आली १९२३मध्ये. रुईया आणि खालसा दोन्ही १९३७ची. पोदार १९४१चं. आज जिला आयसीटी म्हणतात, ती रसायन तंत्रज्ञानाची संस्था जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटीच आहे, स्थापना १९३३. नंतर मॅनेजमेंटचं वेलिंगकर आलं. रुईया, पोदार, वेलिंगकर तर लखमसी नप्पू रोडवर एकमेकांना खेटून आहेत. खालसा आणि आयसीटी नाथालाल पारेख मार्गावर, आणि व्हीजेटीआय तिथून चालत.

दुसरं कारण रेल्वेचं. मध्य रेल्वेचं माटुंगा, पश्चिमेचं माटुंगा रोड आणि हार्बरचं किंग्ज सर्कल, अशी तीन वेगळ्या मार्गांची स्टेशनं चालत्या अंतरावर आहेत. माटुंगा रोडहून झेड ब्रिज ओलांडला की पूर्वेला येता येतं. म्हणून अंबरनाथची मुलगी, वसईचा मुलगा आणि चेंबूरची तिसरी एकाच बाकावर बसतात. इतक्या लांबून आलेली पोरं एकत्र आली की काय होतं ते बघायचं असेल, तर सकाळी अकराला रुईया नाक्यावर उभं राहावं. मराठी, गुजराती, तमिळ, मालवणी, मुंबईची हिंदी, सगळं एकाच वेळी कानावर पडतं. मी डोंबिवलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला या गर्दीची धास्ती वाटायची. आता मेमध्ये नाका रिकामा झाला की मलाच चुकल्यासारखं होतं.

कारण इथलं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, सेमिस्टरवर चालतं. जूनमध्ये प्रवेश. ऑगस्टमध्ये युवा महोत्सवाच्या तालमी. मग आयएनटी ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, मग एकापाठोपाठ एक तशाच आणखी स्पर्धा, थेट सव्वीस जानेवारीच्या आदल्या रात्री होणाऱ्या, विजेत्या एकांकिकांच्या 'सवाई' स्पर्धेपर्यंत. डिसेंबरच्या आसपास फेस्टिव्हलं : रुईयाचा उत्सव, पोदारचा एनिग्मा, व्हीजेटीआयचं टेक्नोव्हान्झा. मार्च-एप्रिलमध्ये झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रांग. जर्नलं, स्पायरल बाइंडिंग, टीवायची ब्लॅक बुकं, म्हणजे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट. दुकानदार मशीनवरून मान वर न करता विचारतो, "बॅक टू बॅक की सिंगल?" मीही माझं आधार कार्ड घेऊन त्याच रांगेत उभी असते, आणि पुढची मुलगी वळून म्हणते, "काकू, तुमचं एकच पान आहे ना, तुम्ही घ्या आधी." हे मी कौतुक म्हणून रंगवून सांगत नाही. दरवर्षी होतं.

तालमींचं मात्र मी रंगवूनच सांगेन, कारण मला ते मनापासून आवडतं. कॉलेजच्या वेळा संपल्या की पोरांना जागा पुरत नाही, मग ती कट्ट्यावर, बागेत, कधी एखाद्या इमारतीच्या जिन्यात येतात. मागे एका संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. आमच्या शेजारच्या इमारतीच्या पायऱ्यांवर एक मुलगी उभी, समोर वही धरून एक मुलगा. ती एकच वाक्य म्हणत होती, "बाबा, दार उघडं ठेवू का?" एकदा रागाने, एकदा नुसतं विचारल्यासारखं, एकदा जवळजवळ रडत. मुलगा दरवेळी मान हलवायचा, नाही. मी पिशवी खाली ठेवून ऐकत राहिले. शेवटी तिने ते अगदी सपाट म्हटलं, आवाजात काहीही न आणता, आणि मुलाने वही मिटली. माझ्या अंगावर काटा आला. तिकीट काढून शिवाजी मंदिरला पाहिलेल्या कितीतरी नाटकांत असं काही मला मिळालेलं नाही. मराठी रंगभूमीला, मालिकांना, सिनेमाला माणसं कुठून मिळतात असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, अशा जिन्यांतून.

आता त्रास. फेस्टिव्हलच्या दिवसांत स्पीकर लागतात, खरं आहे. पण कायदा आपल्या बाजूने आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा-कॉलेज, हॉस्पिटल आणि कोर्टाभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि रात्री दहानंतर तर कुणालाच उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. बहुतेक वेळा पोलिसांपर्यंत जावं लागत नाही. गेटवर जाऊन स्वयंसेवकाला सांगितलं की आवाज उतरतो. उलट गणपती-नवरात्रात आवाज उतरवायला किती जणांच्या पाया पडावं लागतं ते तुम्हाला माहीत असेलच.

खरा जाच आहे तो पार्किंगचा. दुचाक्या आडव्यातिडव्या लागतात, पदपथ अडतो, म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरून चालावं लागतं. पावसाळ्यात किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केटला पाणी तुंबतं, मग परीक्षा असली तर पोरांचे आणि आमचे सारखेच हाल. आणि खाण्याच्या जागी शनिवारी-रविवारी जाऊच नये. कॅफे मद्रास, रामाश्रय, रामा नायकची केळीच्या पानावरची जेवणं, सगळीकडे नावं लिहून ताटकळायचं. गुरुवारी सकाळी साडेसातला जा, निवांत फिल्टर कॉफी मिळते.

स्वस्ताईही पोरांमुळेच टिकून आहे, हे नव्याने येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. किंग्ज सर्कलला पदपथावर जुनी पुस्तकं मिळतात. वर्षाच्या सुरुवातीला घ्यायची, संपलं की तिथेच परत विकायची. वडापाव, सँडविच, 'डीपी'च्या दुकानातलं चायनीज, शिलाई, चप्पल दुरुस्ती, हे सगळं रोज हजारो पोरं येतात म्हणून चालतं. ती उद्या नसली तर या रस्त्यांवर फक्त दागिन्यांची आणि साड्यांची दुकानं उरतील. एकदा रात्री दूध नासलं म्हणून मी ब्रेड-बटर घ्यायला खाली उतरले होते. टपरी उघडी होती ती व्हीजेटीआयच्या हॉस्टेलवर अजून कुणीतरी जागं होतं म्हणून.

पण मला ज्याबद्दल खरं लिहायचं होतं ते वेगळंच आहे. पोरांचा त्रास होतो का, हे सगळे विचारतात. पोरांना इथे राहायला जागा मिळते का, हे कुणी विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात वाण्याच्या दुकानात एक गृहस्थ उभे होते, सोलापूरकडचे. सोबत मुलगी. हातात फाइल, ती दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली, वरून रबर. मार्कशीट, डोमिसाइल, नॉन-क्रिमी लेयर, सगळं त्यात. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नव्हतं. "ताई, हितं जवळपास मुलीसाठी एखादी खोली मिळंल का? एकटी नको, चार जणीत असली तरी चालंल." वाण्याने दोन पत्ते सांगितले, मी दोन सांगितले. संध्याकाळी ते पुन्हा भेटले. तीन ठिकाणी सोसायटीने विद्यार्थी घ्यायचे नाहीत असा ठराव केलाय म्हणून नकार मिळाला, चौथ्या ठिकाणी डिपॉझिट ऐकूनच ते परत फिरले. शेवटी प्रतीक्षानगरला सोय झाली. मुलगी वडिलांना म्हणत होती, "बसनं येईन की, लांब न्हाई." मला तिच्याकडे बघवेना.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या इमारतींत प्रशस्त खोल्या होत्या, मुलं लग्न होऊन बाहेर गेलेली, एखादी विधवा आजी एकटी राहायची आणि दोन मुली ठेवायची. तिला सोबत, मुलींना घरचं जेवण, महिन्याला चार पैसे. पुनर्विकास झाला, आजीला नवा फ्लॅट मिळाला, पण खाली लॉबी आली, स्विमिंग पूल आला आणि त्यासोबत नियमांची यादी आली. त्या यादीत पोरांना जागा राहिली नाही.

आमच्याही सोसायटीच्या सभेत हा विषय आला होता. पाणी जास्त लागतं, रात्री उशिरा येतात, मुलगे-मुली मिसळतात, अशी कारणं. मी उभी राहिले आणि एवढंच म्हटलं, की या खोलीत बसलेल्यांपैकी कितीजण इथल्याच कॉलेजांत शिकले? बरेच हात वर गेले. पहिल्या मजल्यावरचे काका, वय ऐंशीच्या पुढे, हात वर ठेवूनच म्हणाले की आपण नगरहून आलो तेव्हा भाऊ दाजी रोडवरच्या एका कुटुंबाने खोली दिली, म्हणून इंजिनिअर झालो. ठराव तसा मंजूर झाला नाही. पोलिसांकडे माहिती द्यायची, करार नोंदवायचा, रात्री अकरानंतर गच्चीवर जायचं नाही, एवढ्या अटी ठरल्या. त्या मला रास्त वाटतात.

आमच्याकडे आतल्या खोलीत दोन मुली आहेत. एक आयसीटीची, रत्नागिरीची. तिचा लॅब कोट आमच्या गॅलरीत वाळत असतो, बाहीवरचे पिवळे डाग काही केल्या जात नाहीत. दुसरी पोदारची, सीएची तयारी करते, पहाटे पाचला उठते आणि आवाज न करता चहा ठेवते. मला गुडघेदुखीने दोन दिवस उठता येत नव्हतं तेव्हा औषधं त्यांनीच आणली. मी त्यांना काही शिकवत नाही, त्याही मला आजी करत नाहीत. एका घरात राहतो, इतकंच. पण माझ्या वयाच्या बायका आपापल्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर एकट्या बसलेल्या बघते, तेव्हा मला या दोघींची किंमत कळते.

तेव्हा घर बघायला येणार असाल, तर रविवारी दुपारी येऊ नका. डिसेंबरात एखाद्या बुधवारी सकाळी अकराला या, नाक्यावर उभे राहा, मग फाइव्ह गार्डन्सपर्यंत चाला. संध्याकाळी तुळपुळे उड्डाणपुलाखालच्या बागेत या. तिथे एका बाकावर अभ्यास करणारा मुलगा आणि पलीकडच्या बाकावर फिरायला आलेले आजोबा बसलेले दिसतील. ते आवडलं, तर दलालाला कार्पेट एरिया आणि पार्किंग विचारून झाल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीला एक विचारा : इथे विद्यार्थ्याला खोली देता येते का? घर भाड्याने दिलं तर सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचे पैसे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, हेही माहीत असू द्या, आणि लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचंच आहे. सेक्रेटरी "नाही" म्हणाले, तर शेजारची इमारत बघा. "हो" म्हणाले, तर घ्या, आणि जूनमध्ये आतली खोली रिकामी असेल तर वाण्याकडे सांगून ठेवा. फाइल घेऊन कुणीतरी येतंच.