आमची वाटचाल : रिव्हेटच्या लायनरपासून स्कॅनरपर्यंत

अण्णांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाळा घेतला तो ट्रक-टेम्पोच्या ब्रेक लायनरसाठी, म्हणजे ब्रेकच्या शूवर बसणाऱ्या घासपट्टीसाठी. झिजलेलं लायनर छिन्नीनं उडवायचं, शू घासून घ्यायचा, नवं लायनर रिव्हेट मारून बसवायचं. गगनबावडा, फोंडा, आंबा असे घाट उतरणाऱ्या गाड्या दारात, त्यामुळं कामाला कधी तोटा पडला नाही. पुढं मोटारींना मागं डिस्क आल्या, तसे आम्ही पॅडच्या, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पट्ट्यांच्या, कामात शिरलो. केबलच्या हँडब्रेकचा, पॅडला रेटणारा पिस्टन टूलनं फिरवत आत घालायचा, हे अण्णांनीच मला शिकवलं.

मग आला बटनाचा हँडब्रेक. परदेशात 2001 च्या बीएमडब्ल्यू 7 सिरीजमध्ये तो होता, पण आमच्या गल्लीत दिसायला लागला तो 2017 च्या जीप कंपासपासून. 2020 च्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलांत आला आणि गिऱ्हाइकं वाढली. यातल्या बहुतेक गाड्यांत मागच्या कॅलिपरच्या (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या जबड्याच्या) पाठीवर एक छोटी मोटर असते. ती गिअरमधून स्क्रू फिरवते आणि स्क्रूवरचा नट पुढं सरकून पिस्टनला आतून रेटतो. बटनानं हँडब्रेक सोडला की नट मागं येतो, पण अगदी थोडा. जुन्या पॅडची झीज भरून काढत तो पुढं गेलेला असतो आणि नव्या जाड पॅडला जागा हवी असते. अशा वेळी पिस्टन दाबायला गेलात तर दाराला आतून कडी लावलेली असताना धक्के मारल्यासारखं होतं.

असाच एक कॅलिपर आमच्याकडं आला होता. दुसरीकडं कुणीतरी क्लॅम्प लावून पिस्टन जोरात दाबलेला. मोटर सोडून बघितली तर आतल्या प्लॅस्टिक गिअरचे दात सोललेले आणि स्क्रू जाम. पॅडच्या सेटच्या कितीतरी पट खर्च त्या गाडीमालकाला पडला, आणि तो टाळणं म्हणजे फक्त नट आधी मागं घेण्याचं काम होतं. त्याच आठवड्यात आम्ही सर्व्हिस मोड देणारा, म्हणजे मोटरला नट पुरता मागं घ्यायला लावणारा, चांगला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) घ्यायचं ठरवलं.

गाळ्यातलं काम चालू झालंच, पण मला त्याहून जास्त वाटलं ते घरी काम करू इच्छिणाऱ्या लोकांबद्दल. पॅड बदलणं अवघड नाही. माणूस अडतो तो स्कॅनरपाशी. म्हणून आम्ही पेटी भाड्यानं द्यायला लागलो: स्कॅनर, पिस्टन दाबायचं टूल, टॉर्कचा पाना (बोल्ट नेमका किती आवळायचा ते सांगणारा), गाइड पिनचं, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो त्या पिनचं, ग्रीस, त्या गाडीचे टॉर्कचे आकडे लिहिलेला कागद आणि पॅडचा सेट. काम चालू असेपर्यंत फोनवर आम्ही. धंद्यातल्या काहींनी मला वेड्यात काढलं, पण माझं मत पक्कं आहे: स्वतःच्या गाडीचा ब्रेक ज्यानं उघडून बघितला, तो पुढं पॅड संपेपर्यंत गाडी दामटत नाही.

गडहिंग्लजच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन अजून आठवतो. क्रेटा अंगणात, सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागं घोड्या (स्टँड) लावलेल्या.
"गुरुजी, बॅटरीला चार्जर लावलाय न्हवं?"
"लावलाय. हँडब्रेक सोडलाय, स्कॅनरवर मागचा ब्रेक उघडा म्हणून दाबलं."
"आवाज आला का?"
"आला. घर्रर्र करून दोन्हीकडचा थांबला."
"आता चावी खिशात नको, घरात ठेवा. आणि त्या बटनाला कुणी हात लावायचा नाही."

हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला सांगतो. कॅलिपर उतरवलेला असताना बटन दाबलं किंवा ब्रेकवर पाय पडला तर पिस्टन बाहेर येतो. मोटरचा पिस्टन फिरवायचा नसतो, सरळ आणि हळू दाबायचा. दाबताना बॉनेटखालच्या डब्यातलं ब्रेक ऑइल चढतं, म्हणून झाकण सैल करून कापड लावून ठेवायचं, कारण ते ऑइल रंग खातं. गाइड पिन बोटानं सरकली पाहिजे. कॅलिपर ऑइलच्या होजवर (नळीवर) लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधायचा. काम झालं की पेडल कडक होईपर्यंत मारायचं, मग सर्व्हिस मोडमधून बाहेर यायचं, हँडब्रेक लावून-सोडून बघायचा. गाडी हलवायची ती त्यानंतरच. ब्रेकची धूळ तोंडानं फुंकायची नाही, हे अण्णांच्या काळापासून आमच्या गाळ्यात ठरलेलं आहे.

काही गाड्यांत सर्व्हिस मोड पडद्याच्या मेनूत असतो, काहींत बटन आणि पेडलच्या ठरावीक क्रमानं लागतो. त्यांना स्कॅनर लागत नाही, तेव्हा आम्ही नुसते पॅड देतो आणि मॅन्युअलचं पान दाखवतो.

अलीकडं रत्नागिरी-मालवणकडच्या इलेक्ट्रिक गाड्या येतात. 2022 च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सलाही मागं डिस्क आणि बटनाचा ब्रेक आहे. गाडी चालवणारी मोटरच तिचा वेग ओढून धरते, त्यामुळं पॅड फारसे झिजत नाहीत, उलट खाऱ्या हवेत गंजून कॅलिपरच्या खाचेत अडकतात आणि गाइड पिन जाम होतात. त्यांना पॅड विकायची घाई आम्ही करत नाही. पावसाळा संपला की सगळं सोडवून, घासून, ग्रीस लावून परत बसवायला सांगतो. त्यासाठी दुसरी पेटी तयार करून ती कणकवलीच्या एका ओळखीच्या दुकानात ठेवलीय, म्हणजे कोकणातल्या माणसाला घाट चढून यायला नको.