पंचाहत्तर गुलाबांची टोपली

भाद्रपदात आमच्या घरी कुणी आजारी पडत नाही. पडायला सवडच नसते. वाईला गणपती घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फुलांचा गाळा आहे. आजोबांनी मांडला, वडिलांनी वाढवला. हार, वेण्या, गजरे, तोरणं, एकवीस-एकवीस दुर्वांच्या जुड्या, पत्री. बुके मात्र मी आणले, दहा-बारा वर्षांपूर्वी. वडिलांना तो प्रकार शेवटपर्यंत पटला नाही. ‘देठाला पैसे कोण देतं?’ असं म्हणायचे. त्यांच्या लेखी फूल म्हणजे मुंडी. देठ खुडायचा आणि टोपलीखाली टाकायचा.

पण आता देठालाही पैसे देतात. वाढदिवस, सेवानिवृत्ती, नवा सरपंच, नव्या दवाखान्याचं उद्घाटन. त्यात हल्ली ऑनलाइन कंपनीच्या ऑर्डरी. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात बसलेला मुलगा मोबाइलवर फोटो पाहून बुके निवडतो, पैसे भरतो. त्या कंपनीचं वाईत दुकान नाही, गोदाम नाही, माणूस नाही. मी आहे. ऑर्डर माझ्या मोबाइलवर येऊन पडते. गिऱ्हाइकाने भरलेल्या पैशातले निम्म्याच्या आसपास मला मिळतात आणि त्यात फोटोत दिसतं ते सगळं बसवायचं असतं. फोटोत लिली असते, ऑर्किड असतं. ही फुलं मागवली तर पुण्याहून येतात, तीही अख्खी गड्डी घ्यावी लागते. दोन काड्या लिलीसाठी गड्डी फोडली की उरलेल्या लिलीकडे बघत बसायचं.

आणखी गंमत म्हणजे त्यांच्या यादीत आमच्या गावापुढे ‘मिडनाइट डिलिव्हरी’ असंही लिहिलंय. रात्री बारा वाजता वाईच्या आळीत बुके घेऊन शिरून बघा. पहिली सही कुत्री घेतात.

तर गोष्ट 2024 सालची. त्या वर्षी गौरीपूजन 11 सप्टेंबरला, बुधवारी होतं. आदल्या दिवशी, आवाहनाच्या संध्याकाळी, मी आघाड्याच्या ढिगात गुडघ्यापर्यंत बुडालेलो असताना मोबाइल वाजला. ऑर्डर: पंचाहत्तर लाल गुलाब, वेताच्या टोपलीत मांडलेले, सोबत कार्ड, ‘आई, पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा’. वेळ, रात्री अकरा ते बारा. गिऱ्हाइकाने 3,499 भरलेले, माझ्या वाट्याला 1,900.

गौरीच्या आदल्या रात्री ही ऑर्डर घेणारा फुलवाला एक तर नवा असला पाहिजे किंवा खुळा. मी नाकारायचं बटण दाबणारच होतो, तेवढ्यात पत्त्यावरचं नाव दिसलं. आमच्या बाई. चौथीला मला शिकवायच्या. पाढा चुकला की मारायच्या नाहीत, नुसतं थांबायच्या. ते थांबणं छडीपेक्षा वाईट. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो, हे गावात सगळ्यांना माहीत. घेतली ऑर्डर. कंपनीला फोन करून वेळ मात्र बदलून घेतली, सकाळी नऊ ते एक. फोनवरच्या मुलीला गौरी म्हणजे काय हे सांगण्यात पाच मिनिटं गेली.

मग पुण्याच्या मार्केट यार्डातल्या आडत्याला फोन. ‘पहाटेच्या टेम्पोत चार गड्ड्या लाल डच टाक.’ डच म्हणजे पॉलिहाऊसचा लांब देठाचा गुलाब, वीस फुलांची गड्डी. मावळात तो पिकतो आणि फेब्रुवारीत परदेशी जायला विमानात बसतो. गौरी-गणपतीत खरा मान शेवंती, झेंडू आणि गुलछडीचा. आडत्या हसला. म्हणाला, ‘टाकतो, पण झेंडूच्या पोत्यांबरोबर येईल, मग बोलायचं नाही.’

टेम्पो एरवी सहाला येतो. त्या दिवशी सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले. ड्रायव्हर खंबाटकी घाटात अडकलेला. वर कुठेतरी कंटेनर बंद पडला होता. दुकानापुढे माणसांची रांग, आणि माझ्याकडे आदल्या दिवशीची उरलेली दोन पोती झेंडू. बायको आणि दोन्ही पुतणे झेंडूचेच हार ओवून लोकांची समजूत घालत होते. शेवंतीच्या हारांचं आगाऊ बुकिंग केलेल्यांच्या चिठ्ठ्या खिळ्याला टांगलेल्या, त्या वाऱ्याने हलत होत्या. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा मी टाळत होतो. हे पुढे नडलं.

सव्वादहाला टेम्पो आला. गुलाबाच्या खोक्यावर झेंडूचं पोतं. आडत्या शब्दाचा पक्का. ऐंशी गुलाबांतल्या नऊंच्या माना मोडलेल्या. उरले एकाहत्तर. चार कमी. बाकी कुणाची ऑर्डर असती तर चार गुलाब कोण मोजतो म्हणून पुढे गेलो असतो. पण बाई मोजणार, याबद्दल मला शंका नव्हती. शेजारच्या आजींच्या कुंपणाला गावठी गुलाब आहे. विचारून चार फुलं तोडली. ती लहान, पाकळ्या सैल, रंग लालपेक्षा गुलाबीकडे झुकणारा. मागच्या बाजूला लावून टाकू म्हटलं.

टोपली भरायची म्हणजे आधी फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज, ओअ‍ॅसिस भिजवायचा. त्याला पाण्यात दाबून बुडवायचं नाही. दाबला की आतली हवा आतच राहते आणि तिथे खुपसलेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. नुसता पाण्यावर सोडायचा, पाणी पीत पीत तो आपला आपण खाली जातो. दुकानात सगळे ओरडत असताना स्पंजाचा तुकडा बुडायची वाट बघत उभं राहणं, ही या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. मग खालची पानं आणि काटे काढून, देठ तिरके छाटून एकेक गुलाब बसवला. कडेने कामिनीचा पाला, वर कार्ड. कंपनीला फोटो पाठवला. तिकडून हिरवी खूण आली. अकरा पस्तीस.

पुतण्यांपैकी कुणाला हलवणं शक्य नव्हतं. स्कूटर काढली, तर बाईंच्या आळीच्या तोंडाशीच मंडळाचा मांडव. टोपली डोक्यावर घेतली आणि चालत निघालो. ‘कुणाचा सत्कार रे?’ ‘आमदार येणार का?’ प्रत्येक ओट्यावरून प्रश्न. बाईंच्या दारात पोचेपर्यंत बाईंचा वाढदिवस बाई सोडून सगळ्या आळीला कळला होता.

बाई बाहेर आल्या. काठापदराचं पातळ, कोपरापर्यंत पुरण. टोपली बघितली, कार्ड वाचलं. डोळ्यांत काही आलं असेल तर चष्म्यामुळे मला दिसलं नाही. म्हणाल्या, ‘किती आहेत?’

‘पंचाहत्तर, बाई.’

‘पाऊणशे. बरं.’ मग जरा वाकून, ‘मागचे चार वेगळे आहेत.’

त्यांनी मोजलेसुद्धा नव्हते.

मग ओटीपी. फुलं मिळाली याची खूण म्हणून घेणाऱ्याच्या मोबाइलवर चार आकडे येतात, ते मी माझ्या मोबाइलमध्ये घालायचे, म्हणजे ऑर्डर पुरी. बाईंच्या भाचीने आतून मोबाइल आणला. आकडे आलेले होते.

‘तेवढे सांगा बाई.’

‘ओटीपी? छे. बँकेने बजावून सांगितलंय, कुणालाही सांगायचा नाही.’

‘तो बँकेचा, हा फुलांचा. आणि बाई, मी तुमचा विद्यार्थी.’

‘म्हणून तर सांगतेय. तूही कुणाला सांगत जाऊ नकोस.’

सही देते म्हणाल्या. दिलीसुद्धा, पूर्ण नावाची, खाली तारीख घालून, माझ्या वहीत. मी वही मिटली. चौथीत जिंकलो नव्हतो, आता काय जिंकणार?

निघणार तोच मागून, ‘आणि माझे हार कुठेत?’

खिळ्यावरची चिठ्ठी. आठवड्यापूर्वी भाची येऊन सांगून गेली होती, शेवंतीचे दोन हार, गौरीपूजनाला, साडेअकराच्या आत. पैसेही दिलेले. मी या घराची ऑर्डर डोक्यावर मिरवत आणली आणि याच घराची ऑर्डर दुकानात विसरलो. आत बघितलं. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या, मुखवटे चढवलेले, शालू नेसवलेले, दागिने घातलेले आणि गळे मोकळे. खाली पानं मांडलेली. सोळा भाज्या झाकून ठेवलेल्या. साडेबाराला नैवेद्य.

‘पळत जाऊन आणतो बाई, वीस मिनिटं.’

बाई थांबल्या. तेच ते थांबणं. टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘सुई आहे?’

हाराची सुई माझ्या शर्टाच्या कॉलरला कायम असते. बाईंनी दोऱ्याचं रीळ दिलं, भाचीने पाट टाकला. तासभर खपून भरलेली टोपली मीच माझ्या हाताने उपसायला बसलो. तिरके छाटलेले देठ खुडून बाजूला, मुंडी सुईत. डच गुलाबाचा हार कुणी करत नाही. गाभा घट्ट, सुई जोर लावून घालावी लागते, आणि महाग पडतो ते वेगळंच. पण झाला की भारदस्त दिसतो, हे कबूल केलं पाहिजे. एकाहत्तर फुलं. ‘ज्येष्ठेला छत्तीस घाल, कनिष्ठेला पस्तीस,’ बाई म्हणाल्या. ‘मोठीला एक जास्त.’

राहिले ते चार गावठी. भाचीने हुंगून बघितले आणि म्हणाली, ‘वास यांनाच आहे.’ दोन गौरींच्या वेण्यांत गेले, एक गणपतीला. चौथा बाईंनी जरा वेळ हातात धरला आणि स्वतःच्या अंबाड्यात खोचला. माझ्या पायाशी देठांचा हा ढीग. वडिलांची आठवण झाली.

दुकानात परतलो तर मोबाइलवर लाल अक्षरं. एक वाजून गेला, ओटीपी नाही, म्हणजे ऑर्डर पोचलीच नाही. गिऱ्हाइकाला पैसे परत, मला 1,900 नाहीत, वर 500 रुपये दंड. मी वहीतल्या सहीचा फोटो पाठवला. चालत नाही म्हणाले. मग भाचीकडून गौरींचा फोटो मागवून तो पाठवला, गुलाबांचे हार गळ्यात, मधोमध पंचाहत्तराव्या वाढदिवसाचं कार्ड. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘पोचवलेली वस्तू मंजूर छायाचित्राशी जुळत नाही.’ तशी ती जुळत नव्हतीच. त्यांचं काय चुकलं?

रात्री नऊला जर्मनीचा फोन. तिकडे साडेपाच वाजले असतील. बाईंचा मुलगा. पैसे परत का आले, फुलं पोचली नाहीत का, म्हणून विचारत होता.

‘फुलं पोचली,’ मी म्हटलं. ‘बुके नाही पोचला.’

सगळं सांगितलं. तो इतका हसला की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. व्हिडिओ कॉलवर त्याने गौरी पाहिल्या होत्या. त्याला वाटलं, यंदा आईने हार जरा भारीतले आणले. 1,900 त्याने लगेच मला पाठवले. दंडाचं मी बोललो नाही.

विसर्जन झाल्यावर भाची टोपली परत द्यायला आली. भांडं रिकामं परत करू नये म्हणून त्यात फडक्यात गुंडाळलेल्या पुरणपोळ्या. खाली ओअ‍ॅसिस अजून ओलाच होता, त्यामुळे तळच्या पोळीला हिरवट ठसा उमटलेला. ती मी हळूच काढून टाकली, बायकोला दिसायच्या आत.

पुढच्या वर्षी, 2025 ला, गौरी लवकर आल्या, 1 सप्टेंबरला पूजन. त्यामुळे बाईंचा 11 सप्टेंबर पितृपक्षात पडला. या पंधरवड्यात आमच्याकडे बुके जवळजवळ बंदच असतात. दहा तारखेला मुलाने कंपनीला वगळून मलाच फोन केला. ‘पक्षात फुलं पाठवलेली चालतात का हो? आईला आवडेल ना?’ म्हटलं, हे मी कसं सांगू, बाईंनाच विचारून येतो.

बाई म्हणाल्या, ‘पक्ष पितरांचा. वाढदिवस माझा. अजून मी इकडेच आहे. पाठवू दे.’

शहात्तर गुलाब नेले. या वेळी टोपली नाही, साधा बांधलेला गुच्छ. तांब्याचा हंडा पाणी भरून तयारच होता. देठासकट त्यात ठेवले. मी निघालो, चपला घातल्या, तरी बाई दारातच उभ्या, मोबाइल हातात.

‘ओटीपी नाही विचारलास?’

‘या वेळी लागत नाही, बाई.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘मग तू खरा कशावरून?’

मी वही पुढे केली.