शनिवारवाडा ते डेक्कन मेट्रो, पायी: आत्या, मिसळ आणि तुटलेला अंगठा

आत्या इंदूरहून आली की दरवेळी ठरतं, एकदा पुण्याच्या पेठांमधून निवांत फिरायचं, आणि दरवेळी ते राहतं, कारण कोणाचं तरी लग्न असतं नाहीतर तिचा गुडघा धरलेला असतो. या डिसेंबरात लग्नही नव्हतं आणि गुडघाही बरा होता, मग रविवारी सकाळी निघालोच. तिची अट एकच, नवीन मेट्रो बघायची. माझी अट, तिथपर्यंत रिक्षा करायची नाही.

आधी रूट सांगून टाकतो. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, मग शिवाजी रोडने दगडूशेठ, मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, तिथून लक्ष्मी रोड धरून सरळ अलका टॉकीज, लकडी पूल आणि पलीकडे डेक्कन मेट्रो स्टेशन. सरळ चाललात तर तीनेक किलोमीटर असेल, गल्लीबोळात शिरून चारच्या पुढे जातं. आम्हाला नाश्ता, दोन ठिकाणी टेकणं आणि एक चप्पलखरेदी धरून साडेचार तास लागले. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे हे लक्षात घ्या, तुम्ही तीन तासांत आरामात कराल.

गाडी आणू नका. खरंच नका आणू. कसबा पेठ मेट्रो स्टेशनला उतरा आणि चालत वाड्याला या, नाहीतर पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते आणि चिडचिड होते ती वेगळी.

वाडा आठला उघडतो, आम्ही सव्वाआठला आत होतो. साडेनऊनंतर सहलीच्या बस येतात आणि मग दिल्ली दरवाजासमोर फक्त सेल्फी उरतात. तिकिटाचा क्यूआर कोड स्कॅन करायला गेलो तर माझ्या फोनला नेमकी रेंज नाही, मागे लाईन, आत्या म्हणाली आमच्या वेळी आत जायला मोबाईल लागत नव्हता. तेव्हा तिकीट घरूनच काढून ठेवा.

आता स्पष्टच सांगतो, वाडा बघून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये, हे सगळं आपल्याला पाठ असतं आणि डोक्यात सात मजली काहीतरी असतं. आत गेलं की जोती, हिरवळ आणि कारंजी. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, आठवडाभर जळत होता म्हणतात. म्हणून माझं मत, आत अर्धा तास बास. त्यातली पंधरा मिनिटं नुसती दिल्ली दरवाजाला द्या. त्या दारावरचे खिळे लांबून खिळे वाटतात, जवळ गेलं की कळतं चांगले फूटभर लांबीचे सुळे आहेत, एकेका फळीवर बहात्तर, आणि उंची अशी की दाराला धडक द्यायला आलेल्या हत्तीच्या कपाळात घुसावेत. आत्याने टाचा वर करून खालच्या रांगेतल्या एका सुळ्याला बोट लावायचा प्रयत्न केला, पोचलं नाही. उजव्या दारात माणसापुरती छोटी दिंडी आहे ती पण बघा, वाकून जावं लागतं. मग जिन्याने वर नगारखान्यात जा. लाकडी खांब आणि कमानी तिथेच काय त्या शिल्लक आहेत, आणि वरून समोरचं पटांगण आणि बाजीरावाचा पुतळा छान दिसतो. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी हात धरून. नारायण दरवाजापाशी एक जण ग्रुपला 'काका मला वाचवा' रंगवून सांगत होता, पौर्णिमेची रात्र वगैरे. आत्या मोठ्याने म्हणाली, मी दोन गल्ल्या सोडून वाढले, आम्हाला कधी काही ऐकू नाही आलं. ग्रुप हसला, सांगणारा नाही हसला.

लाल महाल रस्त्यापलीकडेच. आत्ताची इमारत १९८० च्या दशकातली आहे हे माहीत असलेलं बरं, मूळ महाल कधीच गेला. पण १६६३ च्या एप्रिलमध्ये शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती याच परिसरात, एवढ्यासाठी दहा मिनिटं थांबा. कसबा गणपती तिथून जवळ, ग्रामदैवत, मानाचा पहिला, आणि सकाळी तिथे इतकं शांत असतं की आत्या सभामंडपात बसली ती उठायलाच तयार नाही. बसायला जागा हवी असेल तर या रूटवरची सगळ्यात चांगली हीच.

मग शिवाजी रोड. फुटपाथ आहे, पण तो तुमच्यासाठी नाही, त्यावर टू-व्हीलर, फुलवाले आणि हातगाड्या. सांभाळून. दगडूशेठला रविवारी दर्शनाची रांग मोठी असते, पण मूर्ती रस्त्यावरूनही नीट दिसते, आम्ही तिथूनच हात जोडले. आणि मग पाठ फिरवून रस्त्यापलीकडे बघा, कारण तिकडे भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा पडायला आला होता, कोर्टकचेऱ्या चालू होत्या, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. दर्शनाच्या रांगेतले शंभरातले पाच जण तरी तिकडे बघत असतील का, शंका आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे पाचच मिनिटांवर मंडई आहे. १८८६ ची इमारत, तेव्हा गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट. हा एवढा खर्च करायला नगरपालिकेत जोतीरावांनी विरोध केला होता, मार्केट कसलं बांधताय, पैसे शिक्षणावर घाला म्हणून. आणि पुढे अत्र्यांनी पुढाकार घेऊन त्याच मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. मी इतकी वर्षं मंडईतून भाजी आणतोय, भिडेवाड्यावरून चालत आलो तेव्हा पहिल्यांदा हे दोन्ही एकत्र डोक्यात आलं. गाडीवर असताना सिग्नल सोडून काही डोक्यात येत नाही.

मंडईत बाहेरूनच परत फिरू नका. मधल्या अष्टकोनी भागात जा आणि मान वर करून बघा, छत एवढं उंच आहे की डिसेंबरातही आत गारवा आणि कबुतरांचा आवाज. गाळे पायऱ्यापायऱ्यांचे, भाजीवाला वरच्या ओट्यावर मांडी घालून बसतो, त्याच्या पायाशी वांगी-मिरच्या-लिंबांची उतरंड, आणि गिऱ्हाईक खालून मान वर करून भाव विचारतं. आत्याने पावट्याच्या शेंगा विचारल्या. भाव ऐकून म्हणाली इंदूरला यापेक्षा स्वस्त. वरून शांतपणे उत्तर, मग जाताना घेऊन जा की तिकडनं. तिने अर्धा किलो घेतल्या. चालायचं असेल तर अशी खरेदी करू नका, त्या शेंगा पुढे डेक्कनपर्यंत माझ्या खांद्यावर होत्या.

नाश्त्याला तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन. बोळ शोधायला लागतो, कोणालाही विचारा. मिसळ जुन्या पद्धतीची, आल्याची चव पुढे, नुसता तिखटजाळ रस्सा नाही. जागा अगदी कमी, टेबल शेअर करावं लागतं, खाऊन झालं की उठायचं. गप्पा नंतर.

तुळशीबागेतली दुकानं साडेदहानंतर उघडायला लागतात, त्याच्या आधी गेलात तर राममंदिर बघून घ्या. १७६३ साली काम सुरू झालेलं देऊळ, नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं, त्याचं शिखर बघायला कोणी मान वर करत नाही कारण खाली कानातली आणि स्टीलचे डबे. इथेच आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला. एवढ्या मोठ्या बाजारात चप्पल मिळेलच, पण तिला हवी तशी मिळेना, एका दुकानात पोरगा म्हणाला आजी ही घ्या, एकदम सॉफ्ट आहे, तर आजी म्हणाला म्हणून तिथून बाहेर. दुसऱ्या दुकानातला मावशी म्हणाला, त्याच्याकडून घेतली. सल्ला काय, तर चांगले जुने, पायात बसलेले बूट घाला. फरशी, खड्डे, ड्रेनेजची झाकणं, सगळं आहे.

विश्रामबागवाडा बाजीराव रोडवर, तुळशीबागेतून बाहेर पडलं की जवळच. दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधलेला, १८०७ च्या सुमारास, १८७९ च्या आगीतून थोडक्यात वाचलेला. आत सोडतात का ते त्या दिवशी बघायचं. पण दर्शनी बाजू फुकट आहे: लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे खांब, त्यावर केळफुलाचं कोरीवकाम. समोरच्या फुटपाथवरून बघा, खालून काही दिसत नाही. जे शनिवारवाड्यात मनातल्या मनात उभं करायला लागतं ते इथे डोळ्यासमोर आहे, त्यामुळे वेळ कमी असेल तर मी तिकडची दहा मिनिटं कापून इकडे देईन.

लक्ष्मी रोड म्हणजे विसर्जन मिरवणुकीचा रस्ता, मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून बेलबाग चौक आणि मग सरळ अलका चौक. मानाच्या गणपतींना ज्याला तासन् तास लागतात ते आम्ही वीस-पंचवीस मिनिटांत चाललो. एरवी या रस्त्यावर बघण्यासारखं खाली काही नाही, साड्या आणि सोनं, वरचे मजले बघा, अधूनमधून जुन्या लाकडी गॅलऱ्या दिसतात. ११ डिसेंबरला महापालिका इथे पादचारी दिन करते, रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद. जमलं तर तोच दिवस धरा. टॉयलेटची सोय या पट्ट्यात भरवशाची नाही, नाश्त्याच्या वेळी उरकून घ्या, बायका बरोबर असतील तर आणखीच.

लकडी पुलावर आत्या उजवीकडच्या कठड्याला टेकून थांबली. तिचं माहेर नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. पाणी तिला फारसं आठवत नाही, तिला कडेवर घेऊन कोणीतरी पळालं एवढंच. आठवतो तो वास. गाळाचा. महिनाभर कणगीतल्या धान्याला, गोधड्यांना, अगदी देवांच्या डब्यालाही तोच वास येत होता म्हणाली. मी हे कधी ऐकलं नव्हतं, घरी कोणी बोलत नाही. नदीत तेव्हा गुडघाभर पाणी होतं आणि एक बगळा.

मेट्रो इथे पुलाच्या डेक्कनच्या टोकाला डोक्यावरून जाते. या उंचीवरून गणेश मंडळांनी वाद घातला होता, मिरवणुकीचे रथ खालून जाणार कसे म्हणून. पुढे उजवीकडे नदीकाठाने स्टेशन दिसतं. डेक्कन आणि त्याच्या पुढचं संभाजी उद्यान, दोन्ही स्टेशनांची छपरं मावळ्याच्या पगडीसारखी केली आहेत, १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली. खरं सांगायचं तर खाली उभं राहून पगडी दिसत नाही, मोठं पत्र्याचं काहीतरी दिसतं. भिडे पुलाच्या बाजूने, नदीच्या लेव्हलला जाऊन बघितलं की आकार कळतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पूल पाण्याखाली जातो, तेव्हा तिकडे जायचं नाही. आत्याचं मत, पगडी ठीक आहे पण जरा तिरपी बसलीय.

सिक्युरिटीला बॅग मशीनमधून गेली. गार्डने स्क्रीनवर बघून विचारलं, आत काय आहे. पावट्याच्या शेंगा आणि एक तुटकी चप्पल. ती चप्पल तिने टाकलीच नव्हती.

परत यायला मेट्रोच घ्या. डेक्कनहून सिव्हिल कोर्टला उतरायचं आणि तिथे लाईन बदलायची, जांभळी लाईन जमिनीखाली आहे. स्टेशन ३३ मीटर खोल आहे, सरकते जिने संपतच नाहीत, आणि तरी वरचा उजेड थेट खालपर्यंत येतो. घाई करू नका, एका जिन्यावर थांबून वर बघा. शिकागोहून आलेल्या माझ्या भावालाही मी हेच दाखवलं होतं. ज्यांना सरकत्या जिन्याची भीती वाटते त्यांना लिफ्ट आहे, आत्या लिफ्टनेच आली. तिथून एक स्टेशन, कसबा पेठ. चढाउतरीसकट पंचवीस मिनिटांत पुन्हा वाड्याच्या आसपास.

कसबा पेठेत बाहेर पडल्यावर थोडं पुढे एक चप्पल शिवणारे काका बसले होते. आत्याने पिशवीतून चप्पल काढली, अंगठा बसवून घेतला, तीस रुपये. तिथेच पायात घातली आणि नवीन जोड माझ्याकडे दिला, म्हणाली सुनेला होत असेल तर बघ.