काळ्या मातीवर घोड्यांचं मैदान करायचं असेल तर

आमच्या वर्धेच्या बाजूला कोणी लग्नासाठी घोड्या ठेवतं, कोणी पोरांना रायडिंग शिकवतं, आणि मैदान करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ रेती कोणती टाकू? मी म्हणतो रेतीचं मागून पाहू, आधी वावर दाखव.

कारण आपली काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात तिला. तिच्यावर डायरेक्ट रेती पसरली की पहिल्याच पावसाळ्यात रेती खाली जाते अन् चिखल वर येतो, मग घोडा घसरतो, आणि टिप्परचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून आधी जेसीबीने काळी माती काढा, खाली कडक मुरूम लागला तर फारच छान. नाही लागला तर जिओटेक्स्टाईलचं कापड (पाणी जाऊ देते पण माती वर येऊ देत नाही असं जाड कापड) टाकून त्यावर गिट्टी, मग मुरूम, पाणी मारत मारत रोलर. मैदान आजूबाजूच्या वावरापेक्षा उंच पाहिजे आणि 1 टक्का तरी उतार पाहिजे, म्हणजे 20 बाय 40 मीटरच्या मैदानात मधली रेघ दोन्ही लांब कडांपेक्षा 10 सेंटीमीटर वर, अन् कडेनं नाली. बजेटमधला मोठा वाटा इथंच जाऊ द्या, खरंच सांगतो, वरची रेती कधीही बदलता येते पण खालचं काम फसलं तर सगळं उकरावं लागते.

आता रेती. नदीची रेती वाहून वाहून गोल झालेली असली तर खुराखाली सरकते, घोड्याला वळताना पकड मिळत नाही. क्रशरची चुरी स्वस्त पडते पण त्यात पावडर फार, पाणी पडून वाळली की सिमेंटसारखी बसते, आणि दुडकीवर चालवलं की नुसता धुराळा. मला धुतलेली, मध्यम दाण्याची, थोडे कोपरे शिल्लक असलेली रेतीच पटते. घेण्याआधी काचेच्या बाटलीत अर्धी रेती, वर पाणी, जोरात हलवून रात्रभर ठेवा. सकाळी रेतीवर गाळाचा जाड थर दिसला तर तो ट्रक परत पाठवा, गोड बोलून पाठवा पण पाठवाच.

सुरुवातीला 2 इंचच टाका, 20 बाय 40 ला साधारण 14 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागते. कमी वाटली तर वाढवता येते. खोल रेतीत घोड्याच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पायातल्या दोरीवर, ताण येतो, लंगडायला लागला की महिनोन्‌महिने उभा राहते बिचारा. बाहेरच्या देशात रेतीत रबर, फायबर, मेण मिसळतात, पण आपल्याकडे पारा 45 च्या वर जाते, काळं रबर किती तापेल विचार करा. लाकडाचा भुसा तर पावसाळ्यात सडतेच.

पाण्याची सोय मात्र आधीच करून ठेवा. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, फक्त नाकानं, म्हणजे उडालेली सगळी धूळ नाकावाटेच आत. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी ऊन चढायच्या आत काम उरकायचं. लीद पडली की लगेच उचला, ती खुराखाली बारीक होऊन रेतीत मिसळली की चांगल्या रेतीचीही धूळ होते. आणि कडेकडेनं घोडे फिरून जो चर पडतो, तो ट्रॅक्टरमागं फळी बांधून दर आठवड्याला ओढून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी नालीत न जाता तिथंच साचते.